वाचकांचे प्रश्न: ट्रेनिंगला जाऊन आलो, पण वर्गात काय बदललं?

गेल्या अंकात मुलांच्या मानसिक आरोग्यावर शिक्षकांना जे ट्रेनिंग मिळतं त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप बरंच काय काय आलं, सत्तरीपासून पेडण्यापर्यंत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, काही निवडलीत. नावं मुद्दामच टाकलेली नाहीत, आपला गोवा तो केवढा, गाव सांगितला की शाळा कळते आणि शाळा कळली की बाई कळते.

प्रश्न: दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. हॉल, पीपीटी, मानसिक आरोग्याची व्याख्या, चहा, परत पीपीटी, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. वर्गात आले तर मुलं तशीच आणि मीही तशीच. असल्या ट्रेनिंगचा खरंच काही उपयोग असतो का?
– एक शिक्षिका, सत्तरी

बाई, ट्रेनिंगचा उपयोग असतो, पण तुम्ही सांगताय तसल्या ट्रेनिंगचा फारसा नसतो. यावर बऱ्यापैकी मोठा अभ्यास झालाय, २०११ साली जोसेफ डरलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र हिशोब मांडला, त्यात २,७०,००० च्या वर मुलं होती. राग आवरणं, भावना ओळखणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं असल्या गोष्टी शाळेत नीट शिकवल्या तर काय होतं ते त्यांना बघायचं होतं. वागणं सुधारलं, ताण कमी झाला हे दिसलंच, पण अभ्यासातही फरक पडला, म्हणजे शंभर मुलांत बरोबर मधोमध असलेलं मूल अकरा जागा वर सरकेल एवढा. आणि मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर अभ्यासातला हा फरक दिसला तो शाळेतल्याच शिक्षकांनी काम केलं तिथे, बाहेरून लोक येऊन कार्यक्रम घेऊन गेले तिथे नाही. म्हणजे यातलं मुख्य माणूस तुम्हीच, पाहुणे वक्ते नव्हेत.

पण मुख्य माणूस तयार करायला व्याख्या पुरत नाही ना. जत्रेच्या नाटकात काम करणाऱ्याच्या हातात कोणी वही देऊन त्याला थेट रंगमंचावर ढकलत नाही, रात्र रात्र देवळाच्या मंडपात तालमी होतात, डायरेक्टर ओरडतो, एकच प्रवेश परत परत घेतात. आणि इथे मात्र रडणाऱ्या मुलाशी कसं बोलायचं ते एका स्लाईडवर दाखवायचं, पुढची स्लाईड लावायची, झालं काम. चांगल्या ट्रेनिंगमध्ये तिघातिघींचे गट पाडतात, एकीने मूल व्हायचं, एकीने बाई आणि तिसरीने काही न बोलता फक्त बघायचं. सुरुवातीला सगळ्या खिदळतात, पण पाचच मिनिटांत कळतं की समोरचीचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण सल्ला द्यायला सुटतो, आणि तिसरी ते वहीत टिपून ठेवते म्हणून नाकारताही येत नाही. मग महिन्याभराने परत भेटायचं, काय जमलं, कुठे फजिती झाली ते बोलायचं. हे दुसरं भेटणं बहुतेक ठिकाणी होतच नाही आणि खरं तर निम्मं ट्रेनिंग त्यातच असतं.

तुमचं व्हायचं ते होऊन गेलं, आता शाळेतच करता येईल असं एक सांगते. हजेरीपट काढा आणि प्रत्येक नावासमोर आठवा, या आठवड्यात या मुलाशी अभ्यास सोडून एक तरी वाक्य बोलले का? बोलला असाल तर टिक करा. हुशार मुलांना टिक होईल, दंगेखोरांना तर दोन-दोन होतील, आणि मधल्या बऱ्याच मुलांसमोर रिकामं राहील, वह्या वेळेवर देणारी, मार्क साठ-पासष्ट, त्रास शून्य, अशी. पुढचे पंधरा दिवस फक्त त्या रिकाम्या नावांवर काम करायचं, रोज दोघांशी, बालरथातून (शाळेच्या बसमधून) उतरताना म्हणा, पाव-भाजी खाताना म्हणा, "काल मॅच कोण जिंकलं रे" एवढं पुरतं. शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही करायला सांगा आणि पंधरा दिवसांनी दोघी मिळून पट बघा. याला सर्टिफिकेट मिळत नाही, बाकी सगळं मिळतं.

प्रश्न: नववीतला एक मुलगा, आधी बडबड्या होता, आता कुणाशी बोलत नाही, बाकावर डोकं टेकून झोपतो, वही कोरी. मी गणित शिकवतो, मी काही काऊन्सेलर नाही. काऊन्सेलर मॅडमकडे इतरही शाळा आहेत, त्या रोज नसतात. मी विचारायला गेलो आणि काही भलतंच निघालं तर?
– एक शिक्षक, फोंडा

सर, तुमची भीती रास्त आहे, आणि तुम्ही काऊन्सेलर नाही हे तुम्हाला कळतंय ही चांगलीच गोष्ट आहे, कारण दोन दिवसांचं ट्रेनिंग करून मुलांचे प्रॉब्लेम सोडवायला निघालेले लोक मला जास्त धोकादायक वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली, ती संकटातल्या माणसांसाठी होती पण तिचा गाभा शाळेलाही चालतो: बघा, ऐका, जोडून द्या. सोडवा असं त्यात कुठेच नाही.

आधी बघा. झोपतो म्हणजे का झोपतो? जत्रांच्या दिवसांत अर्धा वर्ग झोपलेला असतो, नाटक पहाटे संपतं, त्याला काही इलाज नाही आणि असूही नये. कोणी रात्रभर मोबाईलवर गेम खेळतं. कुणाची आई हॉटेलात रात्रपाळीला, वडील घरी नाहीत, तर धाकट्या भावंडाला तोच बघत असतो. पण बडबड्या मुलगा गप्प झाला, खेळायचा तो खेळणं सोडलं, डबा तसाच परत नेतो, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर ते बाजूला टाकायचं नाही. तारखा लिहून ठेवा, थोडक्यात, तुमच्या डायरीत, "अमुक तारखेला तिसऱ्या तासाला झोपला, डबा खाल्ला नाही" असं, "डिप्रेशनमध्ये आहे" असं नाही. पुढे काऊन्सेलरला याच नोंदी कामाला येतात.

मग ऐका. स्टाफरूममध्ये बोलवू नका, तिथे सगळ्यांचे कान लांब असतात. चार लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा, व्हरांड्याचं टोक, मैदानाची कड. शाळा मराठी माध्यमाची असली तरी मुलाच्या घरची कोंकणी असेल तर कोंकणीतच बोला, "कितें जालें रे?" ला जे उत्तर येतं ते "तुझी काय अडचण आहे?" ला येत नाही. आणि सुरुवात प्रश्नाने नकोच, दिसलं ते सांगा: "गेले काही दिवस बघतोय, तू मागे बसतोस, जेवत नाहीस, मला काळजी वाटली म्हणून बोलवलं." एवढं बोलून थांबा. तो "काय ना सर" म्हणेल, म्हणू दे. "बरं, नाही तर नाही, पण बोलावंसं वाटलं तर मी शुक्रवारी शेवटच्या तासाला इथेच असतो." आणि शुक्रवारी तिथे खरंच असा, मीटिंग लागली तरी निरोप पाठवा. पहिल्या खेपेला मुलं क्वचितच बोलतात, सर येतात की नाही तेवढं बघतात.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र चुकूनही देऊ नका. त्याऐवजी म्हणा की तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल, पण कोणाला सांगायचं ते आधी तुला सांगेन. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याने, २०१२ चा तो, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणं हाच गुन्हा होतो. आधी शहानिशा करू, शाळेचं नाव जाईल, कमिटीला विचारू, यातलं काही त्यात बसत नाही. आणि तुम्ही तपास अधिकारी नाही, मुलाकडून तपशील खोदून काढू नका.

मुलगा जर म्हणाला की जगून काय करू, किंवा तसा अर्थ निघाला, तर घाबरून विषय बदलू नका, सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे, उलट मुलाला हलकं वाटतं की कोणीतरी एकदाचं बोललं. हो म्हणाला तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही, हेडमास्तरांना सांगायचं, घरच्यांना बोलवायचं, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो तो लावायचा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन आहेच.

राहिलं जोडून देणं. आपल्याकडे शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांना काऊन्सेलर मिळतात, बऱ्याच जणींच्या वाट्याला एकाहून जास्त शाळा, म्हणून त्या येतील त्या दिवशी केबिनबाहेर रांग लागते आणि ज्याची गरज सर्वात जास्त तो रांगेत उभाच राहत नाही. तेव्हा मॅडमचा वार कळला की आदल्या दिवशीच तुमच्या नोंदी त्यांना द्या आणि त्या मुलाला पहिला बोलवायला सांगा. वर्गासमोर "जा रे, तुला काऊन्सेलरने बोलवलंय" असं ओरडून पाठवू नका म्हणजे झालं, त्या एका वाक्याने महिन्याची मेहनत पाण्यात जाते.

प्रश्न: वर्षाला ५० तास ट्रेनिंग करायचं म्हणतात, ते या विषयात कुठे मिळेल? फुकट मिळेल का?
– मुख्याध्यापक, बार्देश

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तास म्हटलंय ते हेच. सरकारच्या दीक्षा पोर्टलवर निष्ठाचे, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे, कोर्स फुकट आहेत, त्यात मुलांचे वैयक्तिक-सामाजिक गुण आणि सुरक्षित शाळा यावर वेगळं मॉड्यूल आहे, बरं आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात तर प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे असं २०२० पासून आहे, अकरा विषय, त्यात भावनिक आणि मानसिक आरोग्यही येतं. सर, एक विनंती करू का, त्या दोघांची नावं नवीन लागलेल्यांच्या गळ्यात मारू नका. मुलं आपणहून ज्यांच्याजवळ जाऊन बसतात ती माणसं तुम्हाला माहीत असतात. आणि व्हिडिओ चालू ठेवून पेपर तपासत कोर्स पुरा करायची कला सगळ्यांना अवगत आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

प्रश्न: आमच्या वेळी मास्तर फोडून काढायचे, आम्ही काही आजारी पडलो नाही. आता शिक्षकांना मुलांच्या भावना जपायचं ट्रेनिंग देतात. मुलं डोक्यावर बसलीत. हे लाड नाहीत का?
– एक पालक, म्हापसा

कायद्याचं आधी सांगून टाकते. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद. त्याच्याही आधी आपल्या गोव्याने २००३ च्या बाल कायद्यात शाळेतली मारहाण बंद केली होती. तेव्हा छडीवर चर्चा करण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

पण तुमचा मुद्दा शिस्तीचा आहे आणि तो मला पटतो. शिस्त हवीच. गडबड अशी झाली की छडी काढून घेतली पण तिच्या जागी काय करायचं ते शिक्षकांना कोणी शिकवलंच नाही, मग काहीजण ओरडतात, काही टोमणे मारतात ("तुझ्या बहिणीकडे बघ जरा"), आणि काहींनी सगळंच सोडून दिलंय. डोक्यावर बसलेली मुलं दिसतात ती बहुतेक या तिसऱ्या प्रकारच्या शिक्षकांकडची. चांगल्या ट्रेनिंगमध्ये नेमकं हेच असतं, नियम चारच ठेवायचे, ते मुलांबरोबर बसून ठरवायचे, मोडले तर काय होणार ते आधीच सांगायचं आणि दर वेळी तेच करायचं, मग तो पंचाचा मुलगा असो की आणखी कुणाचा. बाक तोडला तर कारपेंटरबरोबर उभं राहून दुरुस्त करून घ्यायचा. यात लाड कुठे आहेत? उलट चार फटके खाऊन सुटणं मुलांना जास्त सोपं जातं.

आणि आजारी पडलो नाही म्हणता, तुमच्याच वर्गातले किती जण माराला भिऊन सातवी-आठवीत शाळा सोडून गेले ते जरा आठवून बघा. ते काही आज पत्र लिहायला येत नाहीत.

प्रश्न: माझी सरकारी प्राथमिक शाळा, एकशिक्षकी. चारही वर्ग एका खोलीत. काही मुलं कामाला आलेल्या कुटुंबांची, घरी कन्नड किंवा हिंदी. ती गप्प बसतात, त्रास देत नाहीत, पण शिकतायत असंही वाटत नाही. एका वेळी कुणाकुणाकडे बघू?
– एक शिक्षिका, डिचोली

बाई, तुमच्या पत्रातलं ते "त्रास देत नाहीत" वाचून मी थांबले. मूल वर्गात गुंतलंय म्हणजे काय याचे फ्रेड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तीन भाग सांगितले, वागण्याने गुंतणं, मनाने गुंतणं आणि डोक्याने गुंतणं. तुमची ही मुलं पहिल्यात पास आहेत, येतात, बसतात, पाटीवर उतरवून काढतात. बाकीचे दोन बाहेरून दिसत नाहीत, आणि तपासणीला भागशिक्षणाधिकारी आले की त्यांनाही शांत वर्ग बघून बरंच वाटतं.

दोन गोष्टी सांगते, दोन्हीला पैसे लागत नाहीत. पहिली, थांबणं. मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातले तास रेकॉर्ड करून मोजलं तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं निघालं, एक सेकंदात उत्तर नाही आलं की दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तीन सेकंद थांबायला शिकवलं तर उत्तरं लांब यायला लागली, आणि जी मुलं एरवी बोलत नव्हती ती बोलायला लागली. कन्नड मुलाला तर तुमचा प्रश्न आधी मनात फिरवायचा असतो, मग उत्तर शोधायचं, मग ते मराठीत आणायचं, त्याला तीनही कमीच पडतील. उद्या प्रश्न विचारून मनात एक, दोन, तीन, चार, पाच मोजून बघा, फार अवघड जातं, जीव वर-खाली होतो, आणि चौथीतला तो हुशार मुलगा हात नाचवत असतोच, त्याला नजरेने बसवायचं.

दुसरी, चार वर्ग एका खोलीत ही अडचण आहेच, पण सोयही करून घेता येते. तिसरी-चौथीतलं कन्नड येणारं एक मूल पहिलीतल्या नव्या मुलाचं जोडीदार करा, दहा मिनिटं, रोज, त्याने काय करायचं ते ठरवून द्या, उगाच "त्याला शिकव" नको. वस्तूंना नाव दोन्ही भाषांत लिहा, कन्नड शब्द मुलालाच विचारा, तो बाईंना शिकवतोय हे बाकीच्यांनी बघू दे. तुम्ही चुकीचा उच्चार केलात की तो जो हसेल ना, त्या दिवसापासून तो तुमचा.

आणि सकाळी शक्य असेल तेव्हा दारात उभ्या राहा, नाव घेऊन आत घ्या. अमेरिकेत २०१८ साली दहा वर्गांवर हे करून बघितलं होतं, दारात नाव घेऊन स्वागत आणि एखादं वाक्य एवढंच, तर मुलं लवकर कामाला लागली आणि दंगा कमी झाला. तिथे मोठी मुलं होती, पण तुमच्या चिमुकल्यांना ते कमी लागेल असं मला वाटत नाही. नाव मात्र बरोबर उच्चारा, कर्नाटकातल्या नावांची आपल्याकडे फार मोडतोड होते.

प्रश्न: मुलांचं वेलबीइंग, मुलांचं वेलबीइंग, आमचं कोण बघणार? बीएलओची (मतदार यादीची) ड्युटी, ऑनलाईन माहिती भरणं, परत माहिती भरणं, आणि वर हे ट्रेनिंग सुट्टीच्या दिवशी.
– "कंटाळलेली", सांगे

कंटाळलेल्या बाई, तुमचं खरंय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बाहेरची कामं देऊ नयेत असं लिहिलंय, पण निवडणुकीच्या त्या एका शब्दात केवढं काय बसतं ते तुम्हीच अनुभवताय, आणि ऑनलाईन माहिती तर शिक्षणाचंच काम म्हणून मोजली जाते. हे बदलायचं तर संघटनेने रीतसर मागावं लागेल, ट्रेनिंग कामाच्या दिवशी आणि वर्गाला बदली शिक्षक देऊन, ही मागणी मला अगदी रास्त वाटते. शिक्षक थकून चिडचिडा झाला की पहिला फटका मुलांनाच बसतो, तेव्हा मागताना संकोच करू नका. तोवर शाळेतल्या शाळेत एक करता येतं, एखादी बाई वर्गात रडकुंडीला आली तर शेजारच्या बाईने दहा मिनिटं तो वर्ग बघायचा, कारण विचारायचं नाही, हेडबाईंना सांगायचं नाही. काही शाळांत हे न ठरवताच चालतं, काहींत ठरवावं लागतं.

प्रश्न: ट्रेनिंगमध्ये डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायचा व्यायाम शिकवला. रोज पहिल्या तासाला सगळ्यांकडून करून घ्यायचा आदेश आहे. मुलं खुदुखुदू हसतात. काय करू?
– एक शिक्षिका, पेडणे

हसू दे. ब्रिटनमध्ये मिरियड नावाचा मोठा प्रयोग झाला, ८४ शाळा, आठ हजारांवर मुलं, वय अकरा ते चौदाच्या दरम्यान, निष्कर्ष २०२२ साली आले. शिक्षकांना ट्रेन करून सगळ्या वर्गाकडून असा सराव करून घेतला तर मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शाळांपेक्षा जास्त फरक काही दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झालेला दिसला.

तेव्हा आदेश आहे तर दोन मिनिटं घ्या, पण डोळे मिटायची सक्ती नको, काही मुलांना मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटते, ती का ते सगळ्यांसमोर विचारायचं नसतं. ज्यांना नको त्यांना खिडकीबाहेर बघत बसू द्या. आणि तुम्ही स्वतः नीट करा, सांगेच्या बाईंनाही कळवा.